आधी शेजाऱ्याचा हिशेब, मग आपले मत

१९९६ साली बडोदे लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी आटोपली तेव्हा काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड अवघ्या १७ मतांनी निवडून आल्याचे जाहीर झाले. लाखोंच्या राशीत १७ मते म्हणजे मांडवीजवळच्या एखाद्या पोळातील दोन एकत्र कुटुंबे; ती त्या दिवशी लग्नकार्याला बाहेरगावी गेली असती, तर दिल्लीला कदाचित दुसराच मनुष्य गेला असता. पुढे अठरा वर्षांनी, २०१४ साली, याच मतदारसंघातून नरेंद्र मोदी ५,७०,१२८ मतांच्या आधिक्याने निवडून आले आणि एकूण मतांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश मते एकट्या त्यांच्या पदरात पडली. पहिल्या प्रसंगी वाडीतला बोहरी व्यापारी, फतेहगंजातील ख्रिस्ती शिक्षिका, पाणीगेटचा मुसलमान कारागीर, यांपैकी कोणाही सतरा जणांना खासदार आपणच केला असे म्हणता आले असते. दुसऱ्या प्रसंगी त्यांच्या सगळ्या जमातींनी मिळून एकदिलाने एकाच बाजूला मत टाकले असते, तरी निकालाचा केससुद्धा वाकडा झाला नसता. मतदार तेच, त्यांचे धर्म तेच, वस्त्याही बहुतांशी त्याच. बदलले होते ते त्यांच्याभोवतीचे बहुसंख्य. अल्पसंख्य समाज पक्षाची निवड कशी करतो या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने आपली पहिली दृष्टी अल्पसंख्यांकडे नव्हे, तर त्यांच्या शेजाऱ्यांकडे वळवली पाहिजे, असे मला वाटते ते यामुळेच.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्री कोठून तरी इशारा येतो, पुढारी मान डोलावतात आणि सकाळी सगळा गठ्ठा एका पेटीत जाऊन पडतो, हे ते उत्तर होय. ‘मतपेढी’ हा शब्द वृत्तपत्रांनी इतका रुळवला आहे, की माणसे खरोखरच पेढीत ठेव ठेवल्याप्रमाणे मते ठेवतात आणि कोणी तरी हुंडी वटवल्याप्रमाणे ती काढून घेतो, असा समज सुशिक्षितांतही दृढ झालेला आढळतो. पुष्कळदा एका वस्तीतील मते एकाच पक्षाकडे जातात, हे निरीक्षण म्हणून खरे आहे. त्याचे जे कारण सांगितले जाते तेवढेच खोटे आहे. ज्या मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो आणि बाकी सर्वांची मते फुकट जातात, तेथे अकरा टक्के असलेल्या समाजाला ‘आपल्याला कोण आवडतो’ हा प्रश्न विचारण्याची चैन परवडत नाही. त्याला आधी विचारावे लागते ते हे, की उरलेले एकोणनव्वद टक्के काय करणार आहेत, त्यांच्यात फूट आहे की नाही, आणि जो आपल्याला नको आहे त्याला पाडण्याची ताकद बाकीच्यांपैकी कोणात आहे. हा हिशेब वस्तीतील शंभर माणसांनी निरनिराळा केला, तरी आकडे तेच असल्यामुळे उत्तर बहुधा एकच येते. त्याला इशाऱ्याची गरज लागत नाही.

हा हिशेब आपल्या लोकशाहीने अल्पसंख्यांच्या हाती दिला त्याला फार वर्षे झाली नाहीत. ब्रिटिश मुलखात १९०९ च्या सुधारणांपासून मुसलमानांना विभक्त मतदारसंघ होते. म्हणजे मुसलमान मतदार मुसलमान उमेदवारांपैकीच एकाला निवडीत असे, आणि शेजारच्या हिंदूला काय वाटते याच्याशी त्याला कर्तव्य नसे. १९३२ च्या जातीय निवाड्याने ही वाटणी आणखी पसरली. फाळणीनंतर घटना समितीत हा प्रश्न निकालात निघाला तेव्हा अल्पसंख्यविषयक समितीचे अध्यक्ष सरदार पटेल होते. १९४९ साली धार्मिक अल्पसंख्यांसाठी राखीव जागाही असू नयेत असे ठरले, आणि त्याला बंगालचे ख्रिस्ती सभासद हरेंद्रकुमार मुखर्जी व संयुक्त प्रांताच्या बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्यांनी स्वतःहून पाठिंबा दिला. बेगमसाहेबांचे म्हणणे दूरदृष्टीचे होते: राखीव जागेने अल्पसंख्य मनुष्य बहुसंख्यांपासून कायमचा तुटतो. तिचा लोप झाला की पक्षांना अल्पसंख्यांच्या दारी यावेच लागेल, हा या निर्णयामागचा विश्वास होता. तो कितपत खरा ठरला, याची परीक्षा पाहण्यास बडोद्यासारखे शहर क्वचितच मिळेल.

बडोदे हे मुळातच सरमिसळीचे गाव. दादाभाई नौरोजी हे पारशी गृहस्थ १८७४ साली येथे दिवाण होते. बॅरिस्टर अब्बास तय्यबजी येथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायासनावर बसले, आणि पेन्शन घेतल्यावर काँग्रेसमध्ये जाऊन १९३० साली, गांधीजींना अटक झाली तेव्हा, मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करण्यास निघाले. उस्ताद मौलाबक्षांनी येथे गायनशाळा घातली, फैयाजखाँसाहेब दरबारात गायले. आजही शहराच्या लोकसंख्येत मुसलमान सुमारे अकरा टक्के आहेत. परंतु त्यांना एक समाज म्हणणे हे जनगणनेच्या कारकुनाला सोयीचे, बाकी कोणाला नव्हे. सुन्नी कारागीर व नोकरदार निराळे, दाऊदी बोहरी व्यापारी निराळे, आणि ज्यांचे धर्मगुरू वाडीतल्या बदरी मोहल्ल्यात राहतात ते अलवी बोहरी आणखी निराळे. बोहरी समाजाचे राजकारण पेढीच्या आणि धर्मपीठाच्या शिस्तीने चालते. सरकारदरबाराशी सलोखा राखणे हा त्याचा जुना शिरस्ता असून, २०१८ साली इंदूरच्या मोहरमच्या प्रवचनांना स्वतः पंतप्रधान उपस्थित राहिले ते याच शिरस्त्याला धरून. पाणीगेटच्या विणकराला यातले काही लागू पडत नाही.

जैनांचा मासला तर अधिक बोलका आहे. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली, शिक्षणसंस्थांना त्याचा लाभही झाला. परंतु बडोद्याच्या जैन व्यापाऱ्याने त्या वर्षीच्या निवडणुकीत अल्पसंख्य म्हणून विचार केला असेल, असे कोणी शपथेवर सांगणार नाही. कायद्याने अल्पसंख्य असणे आणि मतदानाच्या दिवशी तसे वाटणे यांत अंतर आहे. ते अंतर भीतीचे आहे. ज्याला आपल्या घराची, दुकानाची, मुलाच्या सुखरूप परतण्याची धास्ती नाही, तो अर्थकारण पाहून पक्ष निवडतो.

पारशांनी नेमके तेच केले. १९५९ साली स्थापन झालेला स्वतंत्र पक्ष परवाना-राज्याचा विरोधक होता. त्याचे मिनू मसानी राजकोटहून आणि पिलू मोदी बडोद्याच्या शेजारच्या गोध्र्याहून १९६७ साली लोकसभेत गेले, आणि त्याच साली बडोद्यानेही स्वतंत्र पक्षाचे पाशाभाई पटेल निवडून दिले. गोध्र्यात पारशी किती असतील? मूठभरही नसतील. पिलू मोदींना मते दिली ती इतरांनी. अल्पसंख्य मनुष्य इतका लहान असावा की त्याची कोणाला भीती वाटू नये, म्हणजे त्याला सर्वांची मते मिळू शकतात, असा एक कडवट निष्कर्ष यातून काढता येतो. मी तो काढतो.

मुसलमानांच्या बाबतीत स्वातंत्र्यानंतरची तीन दशके निवडीचा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. काँग्रेस होती, आणि बडोद्यात काँग्रेसच्या पाठीशी बहुतेक वेळा राजवाडाही होता: फत्तेसिंहराव, मग रणजितसिंह, आणि पुढे सत्यजितसिंह. गायकवाडांच्या दरबाराशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेल्या घराण्यांना पक्ष आणि वाडा यांतला भेद करण्याचे कारण नव्हते. या काळात महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवणारे रजनी कोठारी यांनी तरुण शेठ यांच्याबरोबर १९६२ च्या निवडणुकीतील बडोदे पूर्व मतदारसंघाचा अभ्यास केला. समूह म्हणून होणारे मतदान कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते, हा त्याचा विषय. धर्मापेक्षा जातिसमूहांकडे त्यांचे लक्ष अधिक होते. तरी समूहमतालाही मर्यादा असतात, ही जाणीव या शहरातून साठ वर्षांपूर्वीच शास्त्राच्या भाषेत मांडली गेली होती, हे आपण विसरतो.

१९८० च्या सुमारास काँग्रेसच्या माधवसिंह सोळंकींनी क्षत्रिय, हरिजन, आदिवासी व मुसलमान यांची मोट बांधली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘खाम’ नावाने ओळखल्या गेलेल्या या युतीने १९८५ साली १८२ पैकी १४९ जागा मिळवल्या. मुसलमान मतदाराच्या दृष्टीने या योजनेचे मर्म संख्येत होते. तो प्रथमच एका बहुमताचा भागीदार झाला होता. परंतु १९८९ साली परिस्थिती उलटली. काँग्रेसवर रुष्ट झालेल्यांना पर्याय होता जनता दलाचा; आणि गुजरातेत जनता दलाने भारतीय जनता पक्षाशी जागांची वाटणी करून घेतली होती. बडोद्याची जागा जनता दलाच्या प्रकाश ब्रह्मभट्टांनी जिंकली. त्या वर्षी ज्या अल्पसंख्य मतदाराला काँग्रेसला धडा शिकवायचा होता, त्याच्यापुढे जो दुसरा दरवाजा उघडा होता, त्याच्या पलीकडे तिसराच यजमान बसलेला होता. दोन वर्षांनी तो यजमान स्वतः पुढे आला: १९९१ साली दूरदर्शनवरील रामायणात सीतेचे काम केलेल्या दीपिका चिखलिया यांनी भाजपतर्फे रणजितसिंह गायकवाडांचा पराभव केला. बहुपक्षीय निवडणुकीत मतपत्रिकेवर नावे अनेक असतात. त्यांपैकी खरोखर उपलब्ध किती असतात, हा प्रश्न निराळा.

२००२ च्या दंगलीत याच शहरात बेस्ट बेकरीचे हत्याकांड झाले. २००६ च्या मे महिन्यात महानगरपालिकेने चांपानेर दरवाजाजवळचा रशीदुद्दीन चिश्तींचा दर्गा रस्तारुंदीसाठी पाडला आणि त्यावरून दंगल उसळली. अशा प्रसंगांनंतर पक्षाची निवड करताना सुरक्षितता हा पहिला निकष होतो, यात नवल नाही. नवल याचे वाटते की तो एकमेव निकष होत नाही. महानगरपालिकेच्या निवडणुकीत हे स्वच्छ दिसते. बडोद्यात १९ वॉर्ड, प्रत्येकी चार नगरसेवक, म्हणून मतदाराला चार मते. यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने चारही मते एकाच पॅनलला द्यावीत असे प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता त्याला दारात सांगून गेलेला असतो. पण पडद्याआड गेल्यावर तो तीन बटणे एका पक्षाची दाबून चौथे दुसऱ्याचे दाबू शकतो, कारण तो दुसरा मनुष्य पावसाळ्यात ड्रेनेज तुंबल्यावर स्वतः गाडी घेऊन आला होता. लोकसभेला एकजुटीने मत देणारी वस्ती वॉर्डात चार ठिकाणी वाटली जाते. भाजपही विधानसभेला १९९८ नंतर गुजरातेत एकही मुसलमान उमेदवार देत नाही, पण स्थानिक संस्थांत देतो; त्यालाही वॉर्डाचा हिशेब कळतो. २०२१ साली बडोद्याच्या ७६ जागांपैकी ६९ भाजपला व ७ काँग्रेसला मिळाल्या, एवढे सांगितले म्हणजे विरोधकाच्या नगरसेवकाकडे आपल्या गल्लीचे काम घेऊन जाण्यात कितपत अर्थ उरला होता, हे लक्षात येईल.

निवडीवर आणखी दोन सरकारी रेघा आखलेल्या आहेत आणि त्यांचा उल्लेख निवडणुकीच्या चर्चेत क्वचित होतो. पहिली ‘अशांत धारा’, म्हणजे अशांत क्षेत्रातील स्थावर मिळकतीच्या हस्तांतरणाला कलेक्टरची पूर्वपरवानगी आवश्यक करणारा कायदा. दंगलीच्या भीतीने लोकांनी कवडीमोलाने घरे विकू नयेत हा त्याचा मूळ हेतू. परिणाम असा की हिंदू वस्तीत मुसलमानाला आणि मुसलमान वस्तीत हिंदूला घर मिळणे दुर्घट झाले, व तांदळज्यासारखे भाग दाटत गेले. वस्ती एकवटली म्हणजे वॉर्डात तिचे वजन वाढते, हे खरे. परंतु विधानसभेच्या आकाराच्या मतदारसंघात ते वजन विरघळते, आणि उरते फक्त वस्तीचे वेगळेपण. दुसरी रेघ मतदारसंघांच्या पुनर्रचनेची. बडोद्याच्या पाच शहरी विधानसभा क्षेत्रांपैकी बडोदे शहर हे क्षेत्र अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आणि १९५० च्या आदेशाप्रमाणे, १९५६ व १९९० च्या दुरुस्त्यांसह, हिंदू, शीख व बौद्ध यांच्याव्यतिरिक्त कोणी अनुसूचित जातीचा ठरत नाही. तेथे मुसलमान वा ख्रिस्ती उमेदवार उभाच राहू शकत नाही. मुसलमानांची संख्या लक्षणीय असलेले मतदारसंघ राखीव होण्याचा प्रकार मुसलमानांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात नोंदला आहे.

मग स्वतःचा पक्ष काढावा, असे सुचवणारे असतात. गोव्यात तसे झाले होते: मुक्तीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षासमोर युनायटेड गोअन्स हा मुख्यतः कॅथलिकांच्या बळावरचा पक्ष उभा राहिला, आणि १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या विरोधात त्याने कामगिरी बजावली. पण तेथे कॅथलिक कित्येक मतदारसंघांत बहुसंख्य होते. त्याच गोव्यात २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी सहा कॅथलिकांना भाजपची उमेदवारी दिली आणि सहाही निवडून आले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे; पक्षाने दार उघडले तर अल्पसंख्य मतदार उंबऱ्यावर अडून बसत नाही. नेदरलँड्ससारख्या देशात प्रमाणशीर प्रतिनिधित्व असल्यामुळे १९१८ साली निघालेला एक कट्टर प्रॉटेस्टंट पक्ष आजतागायत दोन-तीन जागा घेऊन संसदेत टिकून आहे, आणि २०१७ साली तुर्की व मोरोक्कन वंशाच्या मतदारांवर भिस्त ठेवणाऱ्या नव्या पक्षालाही तीन जागा मिळाल्या. आपल्या पद्धतीत असा पक्ष बहुधा मते खाणारा ठरतो. २०२२ साली सुरतेच्या लिंबायतमध्ये, जेथे खानदेशातून गेलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, तब्बल ४४ उमेदवार उभे होते आणि त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. निवडून आल्या भाजपच्या संगीता पाटील. त्याच निवडणुकीत आम आदमी पक्षाने राज्यात जवळजवळ तेरा टक्के मते घेतली, काँग्रेस सत्तावीस टक्क्यांवर आली आणि भाजपला १८२ पैकी १५६ जागा मिळाल्या. पर्याय वाढला म्हणजे निवड वाढते, हे बाजारात खरे असेल.

गुजरातेतील मतदार जे करू शकत नाही ते मालेगावच्या मतदाराने २०२४ साली करून दाखवले, आणि माझ्या मते मराठी वाचकाने अभ्यासावे असे याहून उत्तम उदाहरण नाही. मे महिन्यात मतदान झालेल्या धुळे लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी विजयी झाल्या. बाकीच्या पाच विधानसभा क्षेत्रांत मिळून भाजपचे सुभाष भामरे पुढे होते, पण एकट्या मुसलमानबहुल मालेगाव मध्यने बच्छावांना दोन लाखांच्या घरात आघाडी दिली. यावर गठ्ठा मतांची ओरड झाली ती झालीच. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसचा उमेदवार स्पर्धेतच राहिला नाही. मजलिसचे, म्हणजे एमआयएम पक्षाचे, मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि स्वतःचा नवा पक्ष काढून उतरलेले आसिफ शेख यांच्यात सामना होऊन मुफ्ती १६२ मतांनी निवडून आले. जेथे शेजारची पाच क्षेत्रे विरुद्ध होती तेथे एकजूट. जेथे कोणीही आला तरी आपल्यातलाच येणार होता, तेथे सरळ दोन फळ्या. मे महिन्यातला गठ्ठा नोव्हेंबरात कोठे गेला, हे ओरड करणाऱ्यांनी विचारले नाही.

बडोद्याच्या मतदाराजवळ ही मुभा नाही. एका पक्षाला त्याची गरज नाही, दुसरा त्याला गृहीत धरून चालतो, आणि गृहीत धरलेल्याशी कोणी सौदा करीत नाही. माधवसिंहांच्या काळात काँग्रेस मुसलमान उमेदवार देई, कारण ते निवडून येत. आता देताना कचरते, कारण त्यामुळे बाकीची मते जातील अशी तिला धास्ती वाटते. बेगम ऐजाज रसूल यांनी ज्या पक्षांच्या सद्‌बुद्धीवर हवाला ठेवला होता, ते पक्ष सद्‌बुद्धीने नव्हे तर बेरजेने चालतात. १९७७ साली गुजरातेतून अहमद पटेल व एहसान जाफरी असे दोन मुसलमान लोकसभेत गेले होते. १९८४ साली अहमद पटेल भरुचहून तिसऱ्यांदा निवडून आले, त्यानंतर या राज्याने एकही मुसलमान लोकसभेत पाठवलेला नाही. बडोद्याचा एक मुसलमान मात्र आज लोकसभेत आहे. मांडवीच्या जुम्मा मशिदीत ज्याचे वडील मुअज्जिन होते तो क्रिकेटपटू युसूफ पठाण २०२४ साली तृणमूल काँग्रेसच्या तिकिटावर ८५,०२२ मतांनी निवडून आला, तो पश्चिम बंगालमधील बहरामपूरहून.